सव्वा ग्रॅम

सोसायटीच्या सभेत विषय क्रमांक सहा:
मागच्या भिंतीलगतचं नारिंगाचं झाड.
अकरा वर्षांत एक फळ नाही,
काट्यांनी पोरांचे चेंडू फुटतात,
आणि कोथरूडात दुचाक्यांना जागा अपुरी.
परचुऱ्यांनी ठराव घरूनच लिहून आणला होता,
सह्या तेवढ्या बाकी.

मी म्हटलं, पंधरा दिवस द्या.
का, ते मलाही नीट माहीत नव्हतं.

बत्तीस वर्षं कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये
मी बाटल्या विसळल्या.
प्रयोग मुलांनी केले, मार्क मुलांना पडले.
पण वाफ कुठून निसटते
आणि काच कुठं तडकते
हे विचारायला सगळी माझ्याकडे यायची.

वाघचौरे वॉचमननं फांद्या छाटून दिल्या,
मनगटावर दोन ओरखडे घेऊन.
एक पान चुरगळून त्यानं नाकाशी धरलं,
मग माझ्या.
संत्र्याचा वास नव्हे तो.
संत्रं दारातूनच गोड बोलत येतं.
हा कडवट, आतल्या अंगाचा,
नुकत्या रंधलेल्या फळीवर
कुणी हिरवं काहीतरी ठेचावं तसा.

अर्धा किलो पानं, पाच लिटरचा कुकर,
शिट्टीच्या जागी नळी,
नळी बर्फाच्या बादलीतून.
बर्फ रसवंतीवाल्यानं दिला,
वर विचारलं, ‘काकू, दारू काढताय का?’

आधी आलं दुधाळ पाणी.
खूप वेळ नुसतं पाणी.
मग त्यावर नखाएवढी पिवळट चकती,
थरथरणारी, पाण्यात न मिसळणारी.
ड्रॉपरनं उचलली, तोलली:
सव्वा ग्रॅम.

रविवार पेठेत हातीमभाईंनी
कागदाची पट्टी बुडवली,
हवेत दोनदा हलवली
आणि गल्ल्यावरच्या पोराला म्हणाले, पंखा बंद कर.
‘पेटीग्रेन.
फ्रेंच नाव. लहान दाणा म्हणजे.
पूर्वी कच्च्या, बोराएवढ्या फळांचं काढायचे,
पुढं नुसत्या पानांचं काढू लागले.
नाव फळाचंच राहिलं, बाई.
कुणी बदललं नाही.’

कोलनात जातं, म्हणाले, साबणात जातं,
भारी अत्तराच्या तळाशी गप्प बसून राहतं.
चमचाभर खोबरेलात दोन थेंब, तळपायाला.
निखळ अंगाला लावायचं नाही,
पोटात तर नाहीच.
सालीचं तेल लावून उन्हात गेलं की कातडी डागाळते;
पान त्या मानानं सोशिक.
झोपेला बरं म्हणतात.
‘पण औषध म्हणून विकू नका.
वास म्हणा. वास पुरेसा असतो.’

वाघचौरेच्या रुमालाला एक थेंब लावला.
रात्रपाळीचा माणूस,
दिवसा पत्र्याच्या खोलीत डोळे मिटून पडणारा.
तिसऱ्या दिवशी विचारलं, झोप लागते का?
‘न्हाई,’ तो म्हणाला,
‘पर जागं ऱ्हायाचा राग येत न्हाई आता.’

सभेत मी पट्ट्या वाटल्या.
कुणी म्हणालं, आमच्या बाबांचं आफ्टरशेव्ह.
कुणाला हिंगाची डबी आठवली; असतं एकेकाचं नाक.
परचुऱ्यांनी पट्टी चष्म्याच्या वर धरली,
नको तितका वेळ.
मग खाली मान घालून
मिनिटबुकात लिहिलं:
विषय सहा, पुढील सभेत.
पट्टी त्याच पानात ठेवली, वही मिटली.

बाटलीत आता अर्धा ग्रॅम असेल.
काल संध्याकाळी कचरा टाकायला मागं गेले.
छाटल्या जागी पालवी आलीय,
तांबूस, तेलकट,
आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात
मऊ, अजून न टोचणारा
काटा.